ग्रँड नॅशनलमध्ये घोडा निवडताना: चौतिसांतून तिघांपर्यंत

एप्रिलमधल्या एका शनिवारी लिव्हरपूलजवळच्या एनट्री रेसकोर्सवर ग्रँड नॅशनल होते, आणि एरवी वर्षभर घोड्यांकडे ढुंकूनही न पाहणारी माणसे त्या दिवशी पाच-दहा पौंड लावायला निघतात. कुणाला नाव आवडते, कुणाला जॉकीच्या अंगावरचे रंग. करमणुकीसाठी तेवढे पुरते. पण जरा अभ्यास करून पैसे लावायचे असतील, तर जिंकणारा घोडा शोधायला बसू नका. चौतीस घोडे, तीस अडथळे आणि जवळपास सात किलोमीटरची दौड असताना नेमका पहिला कोण येईल हे सांगणे कुणाच्याच हातात नसते. कोण येणार नाही हे मात्र बऱ्यापैकी सांगता येते. म्हणून पुढची सगळी पद्धत गाळण्याची आहे: नावांवर काट मारत जायचे, उरलेल्या सहा-सात घोड्यांचे भाव (घोडा जिंकला तर लावलेल्या पैशाच्या किती पट मिळतील ते) बघायचे आणि त्यातले दोन-तीन धरायचे.

एक खुलासा. वजनाच्या पौंडाला इथे सगळीकडे रत्तल म्हटले आहे, नाहीतर पैशाच्या पौंडाशी गल्लत होते. १४ रत्तल म्हणजे १ स्टोन, साधारण ६.३५ किलो.

शर्यत घोड्याकडून काय मागते

अंतर ४ मैल अडीच फर्लांग, म्हणजे सुमारे ६.९ किलोमीटर. दोन फेऱ्यांत मिळून ३० उड्या. अडथळे १६ आहेत; त्यातले १४ दोनदा लागतात, तर 'द चेअर' आणि पाण्याचा अडथळा फक्त पहिल्या फेरीत. चेअर सगळ्यात उंच, ५ फूट २ इंच, आणि त्याच्या अलीकडे सहा फुटांचा चर. बेचर्स ब्रूक या अडथळ्याला उडी घेण्याच्या बाजूपेक्षा उतरण्याची बाजू खोल आहे, त्यामुळे घोड्याचे पाय अपेक्षेपेक्षा उशिरा जमिनीला लागतात आणि तोल जातो. कॅनाल टर्न या अडथळ्याला उतरल्या उतरल्या डावीकडे काटकोनात वळावे लागते. आणि शेवटच्या अडथळ्यानंतर ४९४ यार्डांची लांबलचक सरळ दौड आहे. १९७३ मध्ये क्रिस्प हा घोडा १२ स्टोन वजन घेऊन मैदानभर पुढे धावला आणि याच पट्ट्यात गळाला. १० स्टोन ५ रत्तल वाहणाऱ्या रेड रमने त्याला अगदी शेवटी गाठून पाऊण लेंग्थने (लेंग्थ म्हणजे एका घोड्याची लांबी) हरवले. दम आणि वजन या दोन्ही गोष्टी समजून घ्यायला ती एक शर्यत पुरेशी आहे. तिचे चित्रीकरण उपलब्ध आहे, जरूर बघा.

जुने सल्ले वाचताना मात्र जपून. नॅशनल बरीच बदलली आहे. २०१३ पासून अडथळ्यांच्या आतला कडक लाकडी गाभा जाऊन लवचीक गाभा आला. २०२४ पासून घोड्यांची कमाल संख्या ४० वरून ३४ वर आली, पहिला अडथळा सुरुवातीच्या रेषेजवळ आणला, ११वा अडथळा दोन इंच कमी केला आणि किमान रेटिंग (घोड्याच्या कुवतीचा अधिकृत अंक) १२५ वरून १३० केले. त्याच वर्षी ३२ घोडे धावले आणि एकही पडला नाही. २१ जणांनी शर्यत पुरी केली, बाकीचे थांबवले गेले किंवा त्यांचा जॉकी खाली आला. पूर्वी 'उभा राहिला तरी नंबरात येईल' या हिशेबाने सावकाश, सुरक्षित उड्या मारणारा घोडा धरायचे. आता तेवढ्याने भागत नाही. बरेच घोडे उभेच राहतात, त्यामुळे अखेरच्या मैलात दर्जा आणि दम दोन्ही असलेला घोडा लागतो.

कधी काय बघायचे

फेब्रुवारीत वजने जाहीर होतात. मार्चच्या मध्यावर चेल्टनहॅमचा मोठ्या शर्यतींचा महोत्सव होतो. शर्यतीच्या आठवड्यात गुरुवारी अंतिम यादी लागते, सोबत चार राखीव घोडे असतात. शुक्रवारी दुपारपर्यंत कुणी यादीतून गळाले तर राखीव आत येतो. शनिवारी गळाले तर जागा रिकामीच राहते. नवख्याने गुरुवारच्या यादीपासून सुरुवात करावी. त्याआधी लावलेल्या पैशाला 'अँटी-पोस्ट' म्हणतात. त्यात भाव चढा मिळतो, पण घोडा धावलाच नाही तर पैसे गेले. 'नॉन-रनर, नो बेट' असे स्पष्ट लिहिलेले असेल तरच ते परत मिळतात.

पहिली काट: दम

यादी छापून घ्या आणि प्रत्येक घोड्यापुढे एकच प्रश्न लिहा: सव्वातीन मैल किंवा त्याहून लांब स्टीपलचेसमध्ये (मोठ्या अडथळ्यांवरून उड्या घेत धावायच्या शर्यतीत) हा पहिल्या चारांत आलाय का? नसेल तर नावाभोवती गोल करा, आणि खूप सबळ कारण असल्याशिवाय त्याच्याकडे परत जाऊ नका. अडीच मैलांवर झकास पळणारे घोडे इथे दुसऱ्या फेरीत कॅनाल टर्नपर्यंत देखणे दिसतात आणि मग विझतात.

नुसता नंबर बघून भागणार नाही. शेवटच्या दोन अडथळ्यांपासून तो पुढच्यांना गाठत होता की मागे पडत होता, हे पाहा. तीन मैलांची शर्यत पाचव्या नंबरावर संपवताना जो घोडा अजून रेटत होता, तो कित्येकदा जिंकून दमलेल्यापेक्षा बरा. शर्यतीची लेखी टिपणे वाचा: 'स्टेड ऑन' म्हणजे शेवटपर्यंत टिकून वेग धरला, 'वीकन्ड' म्हणजे गळाला. दोन-तीन शर्यतींत 'वीकन्ड' दिसले की काट मारा.

कुठल्या शर्यतींना वजन द्यायचे? आयर्लंडमध्ये फेअरीहाउसची आयरिश ग्रँड नॅशनल आणि बॉबीजो चेस, गाउरन पार्कची थायेस्टिस चेस. वेल्समध्ये चेपस्टोची वेल्श ग्रँड नॅशनल, डिसेंबरच्या अखेरीस, बहुधा चिखलात. चेल्टनहॅमची अल्टिमा. एनट्रीचीच डिसेंबरमधली बेचर चेस, जी याच अडथळ्यांवर धावते. २०२४ चा विजेता आय अ‍ॅम मॅक्सिमस आधी आयरिश नॅशनल आणि बॉबीजो जिंकून आला होता. २०२५ चा निक रॉकेट थायेस्टिस आणि बॉबीजो जिंकून आला. कोराक रॅम्बलरने २०२३ मध्ये महिनाभर आधी अल्टिमा मारली होती. म्हणजे विजेते आकाशातून पडत नाहीत. महिनाभर आधी ते दिसत असतात, फक्त त्यांच्यासोबत आणखी दहा जण दिसत असतात.

दुसरी काट: उडी

रेसकार्डवर नावाच्या डावीकडे आकडे-अक्षरांची ओळ असते. उजवीकडचा आकडा सर्वांत ताजा. आकडा म्हणजे नंबर, शून्य म्हणजे दहावा किंवा त्यामागे. एफ म्हणजे घोडा पडला, यू म्हणजे जॉकी पडला, बी म्हणजे दुसऱ्याच्या पडण्यात अडकून पडला, आर म्हणजे उडी नाकारली, पी म्हणजे जॉकीने मध्येच थांबवला. आडव्या रेघेच्या आधी मागचा हंगाम, तिरप्या रेघेच्या आधी त्याहून जुना.

गेल्या आठ शर्यती घ्या. त्यात एफ आणि यू मिळून दोनपेक्षा जास्त असतील तर काट. एक-दोन असतील तर कुठे पडला ते बघा. पहिल्याच उड्यांना घाईने पडला असेल तर तो स्वभावदोष, आणि मोठ्या घोळक्यात तो वाढतो. शेवटून दुसऱ्या अडथळ्याला दमून पडला असेल तर मुळात दम कमी, म्हणजे पहिल्या कसोटीतच तो नापास. बी कडे दुर्लक्ष करा, त्यात त्याचा दोष नाही. आर दिसले तर विचार न करता काट मारा. पी चे कारण शोधावे लागते: जमीन फार ओली होती, खोगीर सरकले, की दर वेळी मन निघून जाते? एकदाच आणि कारणासकट असेल तर माफ. दोनदा-तीनदा असेल तर नको.

अनुभवही मोजा. पाच-सहापेक्षा कमी स्टीपलचेस धावलेला घोडा इथे नवखाच. अपवाद असतात: २०१६ चा रूल द वर्ल्ड तोवर स्टीपलचेस एकही जिंकला नव्हता, आणि नॅशनल जिंकला. पण अपवाद धरून पैसे लावायचे नसतात, निदान ३३/१ (एका पौंडाला तेहतीस) पेक्षा कमी भावात तरी नाही.

तिसरी काट: वजन, आणि त्यातली खरी मेख

नॅशनल ही हँडिकॅप शर्यत आहे. म्हणजे चांगल्या घोड्यावर जास्त वजन लादून सर्वांना एका पातळीवर आणायचे. रेटिंगचा एक अंक म्हणजे एक रत्तल. १६० रेटिंगच्या घोड्यावर ११ स्टोन १२ रत्तल असतील, तर १४६ च्या घोड्यावर १४ रत्तल कमी, म्हणजे १० स्टोन १२. तीन मैलांच्या शर्यतीत एक रत्तल म्हणजे ढोबळमानाने एक लेंग्थ धरतात. इथे अंतर लांब असल्याने वजन जास्तच जाणवते.

मेख अशी: वजने फेब्रुवारीत ठरतात आणि मग नव्या कामगिरीनुसार बदलत नाहीत. त्यानंतर घोडा कितीही मोठी शर्यत जिंकला, त्याचे रेटिंग वाढले, तरी नॅशनलमध्ये तो जुन्याच वजनावर पळतो. समजा फेब्रुवारीत रेटिंग १४६ होते आणि आज १५४ आहे. तर त्याला आठ रत्तल फुकट मिळाले. याला 'वेल इन' म्हणतात. प्रत्येक घोड्यापुढे दोन आकडे लिहा, वजन ठरवतानाचे रेटिंग आणि आजचे. ही वजाबाकी पाच मिनिटांची आहे आणि संपूर्ण अभ्यासात तिच्याइतकी कामाची गोष्ट दुसरी नाही. कोराक रॅम्बलर असाच अल्टिमा जिंकून जुन्या वजनावर आला होता. अर्थात बुकींनाही वजाबाकी येते, म्हणून अशा घोड्याचा भाव आधीच उतरलेला असतो. तो ८/१ ने फेवरिट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा घोडा होता.

'अकरा स्टोनच्या वरचा घोडा धरू नये' हा जुना नियम मात्र सोडून द्या. मेनी क्लाउड्स २०१५ मध्ये ११ स्टोन ९ घेऊन जिंकला, आय अ‍ॅम मॅक्सिमस ११ स्टोन ६ घेऊन, निक रॉकेट ११ स्टोन ८ घेऊन. वयाच्या नियमांचेही तेच. सात वर्षांचा घोडा जिंकत नाही असे १९४० च्या बॉगस्कारपासून म्हणत आले आणि २०२२ मध्ये नोबल येट्स ५०/१ ने जिंकला. वर्षाला एकच शर्यत होते. वीस वर्षांचा कल म्हणजे वीस नोंदी. त्यावरून पक्का कायदा करता येत नाही. एवढे मात्र खरे की बारा आणि त्यापुढच्या वयाच्या घोड्याला अखेरच्या मैलात तरुण घोडे ऐकत नाहीत. बारा वर्षांचा शेवटचा विजेता २००४ चा अ‍ॅम्बरली हाउस.

जमीन, ताजेपणा, माणसे

जमिनीची प्रतवारी हेवी, सॉफ्ट, गुड टू सॉफ्ट, गुड अशी चढत्या कोरडेपणाने असते. एनट्रीला मैदान फार कोरडे पडू नये म्हणून पाणी मारतात, त्यामुळे बहुधा गुड टू सॉफ्टच्या आसपास मिळते. ज्याचे सगळे विजय हेवीवरचे आहेत तो सुक्या मैदानावर वेगात मागे पडतो, आणि ज्याला कोरडे लागते त्याला पाऊस मारतो. ही काट शुक्रवारी रात्री मारा, गुरुवारी नव्हे. एका सरीने हिशेब बदलतो.

शेवटची शर्यत तीन ते आठ आठवड्यांपूर्वी झालेली बरी. त्याहून जवळची आणि कष्टाची असेल, तर घोडा रिकामा होऊन येतो.

जॉकीवरून अंदाज बांधताना सावध राहा. विली मलिन्ससारख्या ट्रेनरचे एकाच शर्यतीत पाच-सहा घोडे असतात आणि लोक बघतात की पहिला जॉकी कुणावर बसतोय. २०२५ मध्ये पॉल टाउनएंड आय अ‍ॅम मॅक्सिमसवर होता आणि दुसरा आला. जिंकला तो पॅट्रिक मलिन्स, त्याच तबेल्यातल्या ३३/१ च्या निक रॉकेटवर. त्या वर्षी पहिले तिन्ही घोडे विली मलिन्सचेच होते. मुख्य जॉकीने सोडलेला, पण आपल्या सगळ्या कसोट्यांत बसणारा घोडा कधीकधी भावात फुगलेला मिळतो.

झापड किंवा गालपट्टी पहिल्यांदाच लावली असेल तर ती बाजू मानू नका. कुठेतरी लक्ष उडत होते म्हणूनच ती आली. श्वासनलिकेच्या शस्त्रक्रियेनंतरची पहिली धाव असेल तर ब्रिटनच्या रेसकार्डवर तशी खूण असते. तीही फक्त नोंद करून ठेवा.

आता भाव

इथवर सहा-सात नावे उरली असतील. आता प्रथमच भाव बघा. आधी बघितले तर मन फेवरिटकडे ओढले जाते आणि काट प्रामाणिक राहत नाही.

२०/१ म्हणजे एका पौंडाला वीस पौंड फायदा. त्यातून बाजाराचा अंदाज काढायचा तर एकाला २१ ने भागा: ४.८ टक्के. ८/१ म्हणजे ११.१ टक्के. ३३/१ म्हणजे २.९ टक्के, आणि चौतीस घोड्यांत प्रत्येकाला सारखी संधी दिली तरी तेवढेच येते. म्हणजे ३३/१ ही सरासरीची रेघ. तुमचा घोडा सगळ्या कसोट्यांत पास झाला असेल, तर तो सरासरीपेक्षा बरा आहे. तरीही तो ३३/१ किंवा वर मिळत असेल, तर तिथे थांबून नीट बघण्यासारखे आहे. सगळ्या घोड्यांचे टक्के बेरजेला घेतले तर ते शंभराच्या बरेच वर जातात. तो वरचा भाग बुकीचा, आणि घोडे जितके जास्त तितका तो फुगतो. म्हणून दोन-चार बुकींचे भाव ताडून बघावेत. त्याच घोड्याला एकीकडे २० आणि दुसरीकडे २५ मिळणे नॅशनलमध्ये नेहमीचे.

ईच-वे: इथेच नवखा फसतो

'पाच पौंड ईच-वे' म्हणजे पाच नव्हे, दहा पौंड. पाच जिंकण्यावर, पाच नंबरात, म्हणजे पहिल्या ठरावीक घोड्यांत येण्यावर. सोळा किंवा जास्त घोड्यांच्या हँडिकॅपमध्ये नेहमीच्या अटी म्हणजे पहिले चार नंबर आणि नंबराच्या पैशाला एक-चतुर्थांश भाव. नॅशनलला बुकी गिऱ्हाईक ओढायला सहा किंवा जास्त नंबर देतात, पण भाव बहुधा एक-पंचमांश करतात.

२०/१ चा घोडा, पाच पौंड ईच-वे, सहा नंबर, एक-पंचमांश. जिंकला तर १०५ अधिक २५, एकूण १३० पौंड हातात. पाचवा आला तर जिंकण्याचे पाच गेले, नंबराचे ४/१ ने २५ मिळाले. दहा लावून पंधराचा फायदा. तोच हिशेब ७/१ च्या फेवरिटला लावा. नंबरात आला तर १२ पौंड परत, फायदा फक्त दोनचा. म्हणून साधारण १४/१ च्या खालच्या घोड्याला ईच-वे लावण्यात फारसा अर्थ नाही. सरळ विन (फक्त जिंकण्यावर) लावा किंवा सोडा. दमाने टिकून रेटणारा, पण पहिला येईल असा भरवसा नसलेला २५/१ चा घोडा हे ईच-वेचे खरे गिऱ्हाईक, आणि त्याला चार नंबरांपेक्षा सहा नंबरांची अट घ्या.

दुसरी फसगत म्हणजे खूप घोडे धरणे. आठ घोडे पाच पौंड ईच-वे म्हणजे ८० पौंड. त्यातला एक १६/१ चा घोडा चौथा आला तर २१ परत मिळतात. ५९ गेले, आणि तरी 'आपला घोडा लागला' म्हणून आनंद. दोन किंवा तीन घोडे पुरेत. रक्कम आठवड्याच्या सुरुवातीला ठरवा, सगळी गेली तरी घरखर्चाला हात लागणार नाही एवढीच. ब्रिटनमध्ये वयाची अट १८ आहे आणि जुगारासाठी क्रेडिट कार्ड २०२० पासून बंद आहे. हात थांबत नसेल तर गॅमस्टॉपवर नोंद करून स्वतःला ऑनलाइन बुकींकडून बंद करून घेता येते. ब्रिटनबाहेर असाल तर तिथला कायदा आधी बघा.

शर्यतीच्या दिवशी

२०२४ पासून सुरुवात दुपारी चारला असते. पैसे सकाळीच लावून मोकळे व्हा. शेवटच्या अर्ध्या तासात दुकानांत रांगा आणि अ‍ॅप मंद, हे दरवर्षीचे. बुकी 'बेस्ट ऑड्स गॅरंटीड' देत असेल तर सकाळचा भाव घेतला आणि सुटताना तो वाढला, तरी वाढलेला मिळतो. आपला घोडा गळाला तर अंतिम यादीनंतर लावलेले पैसे परत येतात. दुसरा कुणी गळाला तर 'रूल फोर' खाली फायद्यातून कपात होते: १०/१ ते १४/१ च्या घोड्यासाठी पौंडामागे पाच पेन्स, त्याहून लहान भावाच्या घोड्यासाठी जास्त, आणि १४/१ च्या वरच्यासाठी काहीच नाही.

परेडच्या रिंगणात घोडा फेसाळून घामाघूम झाला असेल, मान सारखी झटकत असेल, तर दम आधीच खर्च होतो आहे. पण ऊन असेल तर सगळेच थोडे घामेजतात, तेव्हा शेजारच्या घोड्यांशी ताडून बघा.

शर्यत संपल्यावर पावती लगेच फाडू नका. नंबरात आलेल्या जॉकींचे वजन पुन्हा होते आणि 'वेड इन' जाहीर झाल्यावरच पैसे चुकते होतात. तुमच्या बुकीने सातव्या नंबरापर्यंत अट दिली होती की सहाव्या, हे पावतीवर लिहिलेले असते, आणि दरवर्षी कितीतरी लोक ते न बघताच ती कचऱ्यात टाकतात.